गवतपड

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर, पिकाचे नाव लिहावयाचे त्या गाव नमुना बाराच्या रकान्यात, तलाठ्याच्या लेखणीतून उतरलेला एक शब्द पुष्कळदा वाचावयास मिळतो: ‘गवतपड’. शब्द पाच अक्षरांचा आहे, पण आपल्या महसुली बुद्धीची शतकाहूनही जुनी ठेवण त्यात साठलेली आहे. कारण पूर्वार्धात जे मान्य केले ते उत्तरार्धात लगेच नाकारलेले आहे. या जमिनीत गवत आहे हे तलाठी डोळ्यांनी पाहतो, आणि ज्या अर्थी येथे गवतच आहे त्या अर्थी जमीन पडून आहे, असे तो दप्तरात नोंदवितो. ज्वारी उभी असती तर जमीन कामाची ठरली असती, मका असता तर खातेदार उद्योगी ठरला असता. गवताला मात्र पिकाची प्रतिष्ठा नाही. हा केवळ शब्दाचा दोष असता तर त्याच्यावर लेखणी झिजविण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु दप्तर ज्याला ‘पड’ म्हणते त्याला नांगर लावताना, त्यात खड्डे खणताना किंवा ते अन्य कामासाठी देऊन टाकताना कोणाचाच हात अडखळत नाही, आणि या न अडखळण्याची किंमत माती मुकाट्याने चुकवीत राहते, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाणारा रस्ता देवगोईच्या घाटाने सातपुड्यात चढतो. पाऊस ओसरल्यावर, आश्विनाच्या सुमारास, या वाटेने जाणाऱ्याला एकाच डोंगराच्या एकाच उतारावर दोन निरनिराळे पट्टे शेजारी शेजारी पडलेले दिसतात. एका पट्ट्यात भगर, मका आणि मध्येच तुरीची झाडे उभी असतात. या भागात वनजमिनीवरील अशा शेताला ‘नेवाड’ म्हणतात. त्याला लागून असलेल्या दुसऱ्या पट्ट्यात कमरेइतके गवत हिरवेपणा सोडून तांबूस होऊ लागलेले असते. पाहणाऱ्याच्या मनात सहजच पहिल्याविषयी आदर आणि दुसऱ्याविषयी उदासीनता उत्पन्न होते, कारण पहिल्यात माणसाचे श्रम दिसतात आणि दुसऱ्यात दिसत नाहीत. परंतु हाच प्रवासी श्रावणातल्या एखाद्या दांडग्या सरीनंतर तेथे उभा राहिला, तर पहिल्या पट्ट्यातून उतरणारी ओघळ गढूळ आणि दुसऱ्यातून झिरपणारे पाणी बरेचसे निवळ असल्याचे त्याच्या ध्यानात येईल, आणि दोहोंपैकी कोणता पट्टा अधिक राबतो आहे, हा प्रश्न त्याला पूर्वीइतका सोपा वाटणार नाही.

गवताविषयीची ही उदासीनता आपल्या स्वभावात कोठून आली, याचा शोध घेतला तर तो महसुलाच्या इतिहासापाशी जाऊन थांबतो. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून जी पाहणी आरंभिली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने जिला शास्त्राचे रूप आले, तिने मुंबई इलाख्यातील मातीची खोली व रंग पाहून प्रतवारी लावली आणि सोळा आण्यांच्या जमिनीपासून दोन आण्यांच्या जमिनीपर्यंत उतरंड रचली. ती कामगिरी आपल्या परीने मोठीच होती. पण तिचा एकमेव प्रश्न धारा किती बसेल हा होता, आणि जेथे धारा बसत नाही ते क्षेत्र पोटखराब्यात जमा होत गेले. डोंगराळ मुलुखात तर कित्येक ठिकाणी ‘औतबंदी’ चाले. म्हणजे जमीन मोजण्याची यातायात न करता थेट औतावरच पट्टी बसे. ज्या राज्यव्यवस्थेचे उत्पन्न औतामागे धावते तिला औताबाहेरची भूमी निरुपयोगी वाटावी, यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. काठी, गंगठा, सिंगपूर, नाला, नवलपूर, रायसिंगपूर ही मेवासी संस्थाने या प्रदेशात नांदत होती, १९६१ च्या विनियमाने त्यांचे मालकी हक्क संपुष्टात आले, मागे तळोद्याच्या ‘मेवासी वनविभागा’चे नाव आणि काठीची राजवाडी होळी तेवढी उरली. मालक पालटले, मुलूख पश्चिम खानदेशातून धुळे जिल्ह्यात आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आला, पण रकान्यातील ‘पड’ जागची हलली नाही.

वस्तुतः याच प्रदेशातील एका गवताने एके काळी दूरदूरच्या बाजारपेठा गाजविल्या होत्या. रोशा किंवा तिखाडी या नावाने ओळखले जाणारे हे सुगंधी गवत सातपुड्याच्या उघड्या, कोरड्या उतारांवर आपोआप येई. पावसाळा सरता सरता ते कापावे, नाल्याकाठी भट्ट्या लावाव्यात आणि त्याचे तेल काढावे, हा पश्चिम खानदेशातील प्रसिद्ध धंदा होता. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरने त्याची दखल घेतलेली आहे. मोतिया आणि सोफिया हे त्याचे दोन प्रकार; पैकी मोतियाचे तेल उच्च प्रतीचे. मुंबईहून ते तांबड्या समुद्रातील बंदरांकडे आणि तेथून कॉन्स्टँटिनोपलला जाई, व गुलाबाच्या अत्तरात भेसळ करण्यासाठी त्याला मोठी मागणी असे. युरोपात तर ते कित्येक वर्षे ‘तुर्की’ तेल म्हणूनच ओळखले गेले. ज्या उतारावर न पेरता, न नांगरता असे द्रव्य उत्पन्न होत होते त्याला पडीक म्हणावयाचे आणि त्याच उतारावर दुसऱ्याच्या बियाण्याने व तिसऱ्याच्या खताने उगवणाऱ्या पिकाला तेवढे उत्पन्न म्हणावयाचे, हा न्याय मला आजवर उमगलेला नाही.

परंतु रोशाचे तेल हे झाले वरचे उत्पन्न. गवताचे खरे कर्तृत्व जमिनीखाली आहे. झाड आपली बरीचशी संपत्ती खोडात आणि फांद्यांत, जमिनीच्या वर, सर्वांना दिसेल अशी साठविते. बहुवर्षायू गवत मात्र आपल्या देहाचा मोठा हिस्सा मुळांच्या दाट जाळ्यात गुंतविते. या केसासारख्या मुळांपैकी पुष्कळशी दर वर्षी मरतात व नवी फुटतात. मेलेली मुळे आणि जिवंत मुळांतून पाझरणारा रस यांवर असंख्य सूक्ष्म जीव पोसले जातात, आणि त्यांच्या जगण्या-मरण्यातून जे काळसर सेंद्रिय द्रव्य उरते ते मातीच्या कणांना चिकटून त्यांचे बारीक रवे बांधते. त्या रव्यांच्या पोटात हवा सहजी शिरत नाही, म्हणून तेथील कर्ब दीर्घकाळ सुरक्षित राहतो. जमिनीच्या वरच्या एक मीटर थरात साऱ्या पृथ्वीवर मिळून सुमारे दीड लाख कोटी टन सेंद्रिय कर्ब आहे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. वातावरण आणि समस्त वनस्पती या दोहोंत मिळून जेवढा कर्ब आहे त्याहून हा साठा मोठा आहे. आपण आकाशाकडे पाहून ज्या द्रव्याची चिंता करतो त्याचे मोठे कोठार आपल्या पायांखाली आहे.

या कोठारात कर्ब एकटा नसतो. मातीतील सेंद्रिय द्रव्यात दहा ते बारा भाग कर्बामागे साधारणतः एक भाग नत्र असतो, आणि ही जोडी सहसा फुटत नाही. कर्ब गेला की नत्रही जाते. हिशेबासाठी असे धरू, की एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे २२ लाख किलो भरते. तिच्यात एक टक्का सेंद्रिय कर्ब असेल तर तो २२ टन झाला आणि त्याच्या सोबतीचे नत्र सुमारे दोन टन. आज बाजारात मिळणारी युरियाची गोणी ४५ किलोंची असते व तीत ४६ टक्के, म्हणजे वीस-एकवीस किलो नत्र असते. म्हणजे त्या एका हेक्टरने कोणाकडेही न मागता जवळजवळ शंभर गोण्यांचे नत्र आपल्या पोटात सांभाळून ठेवलेले असते, आणि ते एकदम न उधळता दर वर्षी थोडे थोडे पिकाला, गवताला, जिवाणूंना वाटलेले असते. उतारावरच्या मुरमाड जमिनीत, जेथे दगडगोटे अधिक, तेथे हा आकडा कमी भरेल. पण तेथे जे थोडे आहे त्याचे मोलही त्याच प्रमाणात अधिक असते.

आता या मातीला नांगर लागला म्हणजे काय घडते ते पाहू. रवे फुटतात, हवा आत शिरते, शतकानुशतके बंदिस्त असलेले द्रव्य जिवाणूंच्या हाती उघडे पडते. कर्ब वायुरूपाने वर जातो आणि नत्र नायट्रेटच्या रूपाने मोकळे होते. म्हणूनच नवी फोडलेली जमीन पहिली दोन-तीन वर्षे खताविना उत्तम पिकते, हा सार्वत्रिक अनुभव आहे, आणि म्हणूनच तो अनुभव फसवा आहे. शेतकऱ्याला वाटते, जमिनीचा कस मोठा. प्रत्यक्षात जमीन आपले मुद्दल त्याच्या पुढ्यात ओतीत असते. पिकाला झेपेल तेवढे नत्र पीक घेते. उरलेले पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपते, ओघळीने वाहून जाते, आणि काही नायट्रस ऑक्साइड होऊन उडते, जो वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापविणारा आहे. वरील उदाहरणात एक टक्क्याचा अर्धा टक्का झाला, तर हेक्टरमागे ११ टन कर्ब गेला. वातावरणात त्याचा सुमारे ४० टन कार्बन डायऑक्साइड झाला, आणि पन्नासेक गोण्यांच्या नत्राला जमीन मुकली. चौथ्या-पाचव्या वर्षी तोच शेतकरी युरियाची पहिली गोणी डोक्यावर घेऊन घाट चढतो, तेव्हा जे जमिनीतून फुकट गेले तेच विकत आणण्याचा तो प्रारंभ असतो.

हे केवळ तर्काने रचलेले नाही. हान्स जेनी आणि एस. पी. रायचौधुरी या दोन मृदाशास्त्रज्ञांनी भारतातील ठिकठिकाणच्या मातीची परीक्षा करून १९६० मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा विषयच हवामान आणि मशागत यांचा भारतीय मातीतील नत्र व सेंद्रिय द्रव्यावर होणारा परिणाम हा होता; मशागतीखालील जमिनी अस्पर्श जमिनींहून या दोन्ही बाबतींत पुष्कळच दरिद्री असल्याचे त्यांना आढळले. पुढे २००२ मध्ये गुओ आणि गिफर्ड यांनी जगभरातील ७४ शोधनिबंधांतील आकडे एकत्र करून जमिनीचा वापर पालटला असता कर्बाचे काय होते याचा ताळा मांडला. नैसर्गिक जंगलाचे शेत केले असता मातीतील कर्ब सरासरीने ४२ टक्के घटला. पण चराऊ कुरणाचे शेत केले असता तो ५९ टक्के घटला. उलट, शेताचे पुन्हा कुरण केले असता वाढ झाली ती १९ टक्क्यांची. जंगल तोडले म्हणजे आपण हळहळतो आणि कुरण नांगरले म्हणजे प्रगती झाली असे समजतो. या ताळ्यात मात्र दुसऱ्याच व्यवहारातील तूट मोठी दिसते, आणि जे काही थोड्या वर्षांत जाते ते परत येण्यास दशके लागतात, हेही त्यातून उघड होते. सातपुड्याच्या तीव्र उतारावर, जेथे खडकावर वीत-दीड वीत माती आणि वर पावसाचा मारा, तेथे धुपेची भर पडून ही तूट अधिक वेगाने वाढते. कारण मैदानात कर्ब निदान मातीला सोडून जातो, येथे तर मातीच कर्बाला घेऊन खाली उतरते.

येथे कोणी असा अर्थ काढील, की मी नेवाडधारकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत आहे. तसा माझा मुळीच हेतू नाही. ज्याच्या घरात दाणा नाही त्याने उतारावर नांगर घातला तर तो त्याचा छंद नसतो. शिवाय या प्रदेशात जमिनीचा वापर पालटण्यात सर्वांत मोठा हात सरकारचाच आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील ३३ गावे आली. त्यांतील नऊ अक्कलकुवा तालुक्यातील आणि चोवीस अक्राणीतील. मणिबेलीसारख्या गावांची नदीकाठची गाळाची शेते आणि मागच्या टेकड्यांची चराई दोन्ही गेली, आणि विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी तळोद्यातील सुमारे ४२०० हेक्टर वनजमीन मोकळी करण्यात आली. एका खोऱ्यात माती बुडाली आणि दुसरीकडे तिची भरपाई म्हणून रान नांगराखाली आले. या दुहेरी खर्चाची मातीच्या खात्यावरील नोंद कोणत्याही अहवालात केलेली माझ्या पाहण्यात नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या कसणाऱ्यांना चार हेक्टरांच्या मर्यादेत हक्क मान्य केला, हा न्यायच झाला, आणि तो उशिरा झाला. ज्यांचे दावे अद्याप धूळ खात पडले आहेत त्यांचे निकाल लावणे, हे मातीच्या दृष्टीनेही हिताचे आहे. कारण उद्या हुसकले जाऊ या भीतीत जगणारा माणूस बांध घालीत नाही, शेणखत टाकीत नाही आणि बांधावर गवत राखीत नाही.

दुसरीकडून येणारा धोका अधिक सभ्य वेषात येतो. उघडा उतार दिसला की तेथे खड्डे खणून रोपे लावावीत, ही आपल्या काळातील पुण्यकर्माची रूढ कल्पना झाली आहे. वृक्षांचे वैर करण्याचे कारण नाही. सातपुड्यातील साऱ्याच गवताळ जागा अनादिकाळापासून तशाच होत्या असाही माझा दावा नाही, सागवानाची तोड, वणवे आणि चराई यांनी उघड्या पडलेल्या कित्येक जागा त्यांत आहेत, आणि तेथे झाडे पुन्हा येणे इष्टच आहे. पण द्वीपकल्पाच्या मोठ्या भागाप्रमाणे येथेही पवन्या, मारवेल, कुसळी यांसारख्या गवतांचे आच्छादन ही भूमीची स्वतःची प्रकृती आहे, आणि मुळांनी विणलेली ती चादर खड्ड्याखड्ड्याने फाडून तेथे एकाच जातीची रोपे उभी केल्याने मातीतील कर्ब वाढेलच अशी खात्री देता येत नाही. वर उल्लेखिलेल्या ताळ्यात कुरणाची वृक्षलागवड झाली तेथे मातीचा कर्ब सरासरीने दहा टक्के घटला होता. ही घट मुख्यतः पाइनसारख्या झाडांखाली आढळली आणि रुंद पानांच्या झाडांखाली ती विशेष नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही ज्या लागवडीने मातीत भर पडत नाही तिच्यासाठी गावाचे गवत, गुरांचा चारा आणि घराचे छप्पर का गमवावे, हा प्रश्न उरतोच.

गवत हे निर्दोष आणि त्यावर सोडलेली गुरे निष्पाप, असेही समजू नये. जेथे चराईला काळवेळ नाही तेथे बहुवर्षायू गवते जातात, त्यांच्या जागी कुसळांचा आणि नंतर तणांचा अंमल बसतो, खुरांखाली माती कठीण होते आणि दर फाल्गुनात लावलेल्या आगीबरोबर वरच्या पाचोळ्यातील नत्र धुरात निघून जाते. अशा माळाचा कर्ब शेताहून फारसा अधिक नसतो. हिवरे बाजारसारख्या गावांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वतःवर घालून घेतली, कापून नेण्याची शिस्त लावली, आणि गवत परत आले, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. कुरणाचे रक्षण याचा अर्थ कुरणाला कुलूप लावणे असा होत नाही. त्याला वहिवाट असावी, पण त्या वहिवाटीला नियमही असावा.

आता कर्तव्याविषयी. २०१५ पासून शेतकऱ्याला जमीन आरोग्य पत्रिका मिळते. तीत नत्र, स्फुरद, पालाश यांपासून बोरॉनपर्यंत बारा बाबी असतात आणि सेंद्रिय कर्ब ही त्यांतली एक. अर्ध्या टक्क्याखाली कर्ब असला तर ‘कमी’, पाऊण टक्क्यावर असला तर ‘जास्त’. पत्रिका चांगली आहे, पण ती खातेदाराला मिळते, आणि गायरानाला, सामूहिक वनक्षेत्राला, डोंगराच्या गवताला वैयक्तिक खातेदार नसतो. त्यामुळे ज्या मातीत अद्याप साठा शिल्लक आहे तिची तपासणी होत नाही, आणि ती नांगराखाली येऊन रिकामी झाल्यावर मात्र तिची पत्रिका तयार होते. धनको मेल्यावर त्याची वही उघडण्याचा हा प्रकार आहे. म्हणून पहिली मागणी अशी, की प्रत्येक ग्रामसभेच्या नावे तिच्या गायरानाची आणि सामूहिक वनहक्काखालील गवताळ उतारांची माती तपासली जावी, आणि तो दाखला वैयक्तिक शेतांच्या दाखल्याशेजारी गावात लावला जावा. शेजारच्या दोन पट्ट्यांतील कर्बाचे आकडे एका फलकावर दिसले, की जे दहा व्याख्यानांनी साधत नाही ते साधेल.

दुसरी मागणी ग्रामसभांकडे आहे. वनहक्क कायद्याने त्यांना चराईचा सामूहिक हक्क दिला आहे, आणि आपल्या परंपरागत वनाचे रक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन करण्याचा अधिकारही दिला आहे. हा अधिकार वापरून व्यवस्थापनाचा आराखडा करताना, कोणता उतार कायमचा गवताखाली राहील आणि कोठे झाडे लागतील, याची आखणी गावाने स्वतः करावी. तिसरी मागणी रोजगार हमीच्या कामांविषयी: डोंगरउतारावरील समतल चर केवळ रोपांची संख्या भरण्यासाठी न खणता त्यांच्या मातीवर स्थानिक गवताचे बी पेरले जावे आणि त्या कामाचीही मजुरी हजेरीपटावर लागावी. आणि ज्यांची नेवाडे अतितीव्र उतारावर आहेत त्यांनी वरचा एक पट्टा मारवेल-पवन्याला द्यावा, खालच्या पट्ट्यात भगर-मक्याबरोबर तूर-उडदाची जोडपिके चालू ठेवावीत, कारण त्यांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र फुकट आणतात. पण त्या वरच्या पट्ट्याच्या बदल्यात पहिली काही वर्षे सरकारने त्यांना धान्याची किंवा रोखीची हमी द्यावी. गरिबाने आपल्या पोटाला चिमटा घेऊन पृथ्वीचे तापमान राखावे, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले आहे. परिषदा भरतील, ठराव होतील. अक्कलकुव्यासाठी माझी अपेक्षा याहून लहान आहे आणि तिला खर्चही येत नाही. गाव नमुना बाराचा तो रकाना पुढच्या वेळी भरताना, जेथे गवत उभे आहे तेथे ‘गवतपड’ या शब्दातील शेवटची दोन अक्षरे गाळावीत आणि नुसते ‘गवत’ एवढेच लिहावे.